पेव

हरिपूरच्या रानात आमची दोन पेवं होती.
तोंड माणूस मावेल एवढंच,
खाली मात्र गोल अख्खी खोली, रांजणासारखी.
हळद भरली की वरून पाला, माती,
मग दोन-तीन वर्षं कुणी नाव काढायचं नाही.

उघडायच्या दिवशी आप्पा घाई करू द्यायचे नाहीत.
तोंड मोकळं करून सकाळ जाऊ द्यायची,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
ज्योत टिकली तर बाबालाल उतरायचा.
विझली तर आप्पा सोडून सगळे
बांधावर विड्या ओढत बसायचे,
हवेची वाट बघत.

मी सात वर्षांचा.
एवढी हवा आहे की बाहेर,
ती आत का जात नाही?

बावन्नाव्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरांना
तोच प्रश्न विचारला, उलटा:
एवढी आत जाते, तर मला कळत का नाही?

त्यांनी दुर्बीण घातली, पडद्यावर दाखवलं.
‘बघा चौगुले, बोगदा झालाय नुसता. मोकळा.’
खरंच मोकळा.
भिंती पाडून हॉल मोठा करावा
आणि टेकायला कोपराच उरू नये, तसा.
रिपोर्टवर सही, शिक्का.
सही कोरडी होती, मीही.

आता सकाळी मिठाचं कोमट पाणी,
दुपारी तिळाच्या तेलाचे दोन-दोन थेंब,
खिशात रुमाल, रुमालात खपल्या,
कधी रक्ताची रेघ.
ऑपरेशन सर्दीचं होतं.
सर्दी गेली. तिच्यासोबत
काय काय गेलं त्याची यादी
कुणी दिली नाही डिस्चार्जच्या कागदात.

मार्केट यार्डात तीस वर्षं
मी हळकुंड मोडून वास घ्यायचो,
ओल किती, कीड आहे का, जुनी की नवी,
शेठ माझ्या नाकावर भाव फोडायचे.
आता मोडतो, नाकाशी नेतो,
मान हलवतो.
मग निनादला म्हणतो, ‘तू सांग बघू,
शिकायला पाहिजे तुला.’
पोरगं मनापासून शिकतंय.

रात्री मी उतरतो.

तासाला एकतीस वेळा, मशीनवाल्यानं मोजलंय.
आधी घोरणं, मग काहीच नाही.
शालन म्हणते, घोरता तोवर मला झोप लागते.
गप्प झालात की जाग येते.
लग्नानंतर वीस वर्षं हिनंच
त्या घोरण्यापायी उशी उचलून
माजघरात बिऱ्हाड केलं होतं.

आता मास्क आहे, नळी आहे,
डब्यात शुद्ध पाणी आहे.
मशीन हवा ढकलतं, हवा घसा खरवडते,
पहाटे जीभ टाळूला चिकटून
जुन्या पाकिटावरच्या तिकिटासारखी.
तरी बरं आहे. लोक विचारतात, बरं आहे ना?
बरं आहे.

वैशाखात लाइट जाते. मशीन एक उसासा टाकतं
आणि थांबतं.
मी मास्क काढून उशाला ठेवतो, म्हणतो,
‘जागाच राहतो आज,’
आणि तेवढ्यात पाय सुटतात.

आप्पांचा एक नियम होता:
दोरी धरणाऱ्यानं बोलायचं नाही.
तंबाखू मागायची नाही, पावसाचं काढायचं नाही,
हातात हिसका येतो तो ऐकायचा असतो.
बाबालाल खालून काही बोलला नाही तरी
आप्पांना कळायचं, ओढा म्हणायचे.
एकदाच जरा उशीर झाला.
बाबालाल वर आला, पिवळाधम्मक,
पालथा पडून रानातली हवा
अक्षरशः खात राहिला.
मग म्हणाला, ‘खाली लई झोप येती, मालक.’

दिवसभर जिचं तोंड मिटत नाही
ती शालन अंधारात बसलेली असते
माझ्या छातीवर डावा हात ठेवून.
एक शब्द नाही.
मध्येच खांदा गदगदा हलतो,
मी वर येतो, श्वास आत ओढतो,
आत काही लागत नाही,
पण छाती फुगते, तिच्या हाताला ते पुरतं.

सकाळी विचारलं, किती वेळा?
‘मोजायला काय मला उद्योग नाही?’
चहा गाळत ती म्हणाली.
उजव्या हाताचा अंगठा अजून
करंगळीच्या तिसऱ्या पेरावर होता.